बाईंना कागद नको, असं मी सांगितलं

परदेशी माणसांना घरं मिळवून देणं हा माझा धंदा. चाकणच्या कंपन्यांत कुठून कुठून इंजिनियर येतात, दोन-चार वर्षं राहतात आणि परत जातात. त्यांना रहाटणीत नाहीतर चिंचवडला फ्लॅट दाखवायचा, भाडेकरार नोंदवायचा, परदेशी भाडेकरू आल्याचं घरमालकाकडून पोलिसांना वेळेत कळवून घ्यायचं, आणि या सगळ्याच्या वर, दोन्ही बाजूंचं एकमेकांना समजावून सांगायचं. अर्धं काम कागदाचं, अर्धं नाटकाचं. कागदाचं मी चोख करतो. नाटकाचं मला मनापासून आवडतं.

एकदा चिंचवडच्या एका घरमालकीणबाईंनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "हे गृहस्थ खातात काय, ते विचारा बरं." मी विचारलं. गृहस्थ प्रसन्नपणे म्हणाले, "सगळं." मी बाईंकडे वळलो आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "डॉक्टरांनी जे सांगितलंय तेवढंच खातात." बाईंनी त्याच दिवशी किल्ली दिली. ते गृहस्थ तिथे तीन वर्षं राहिले आणि जाताना बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. बायको म्हणते, "तुम्ही भाषांतर करत नाही, लग्नं जमवता." मला ती शाबासकीच वाटायची.

मॅडम मला भेटल्या त्या याच कामातून. मध्य युरोपातल्या एका लहानशा देशातल्या, पन्नाशीच्या, एकट्या. गाडीचे सुटे भाग तपासायच्या खात्यात वरच्या हुद्द्यावर. रहाटणीत सातव्या मजल्यावर मी त्यांना दोन बेडरूमचा फ्लॅट घेऊन दिला होता. वर्षभरात त्यांनी बाल्कनीत भाजीचे इतके क्रेट रचले की सहाव्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरींवर मातीचे ओघळ यायला लागले आणि सोसायटीने नोटीस काढली. मी मिटवायला गेलो तर मॅडम म्हणाल्या, "मला दुसरी जागा हवी."

"किती बेडरूमची?"

"बेडरूम नको. जमीन हवी. लहानशी. शनिवारी जाऊन खणता येईल एवढी."

मी त्यांना चिंचवडच्या जुन्या गावठाणात माझ्या ओळखीच्या वकीलबाईंकडे नेलं. हे काम मी योग्य केलं, एवढं माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो. पुढे नोंदवण्यासारखं फारसं नाही.

वकीलबाई म्हणाल्या, "विकत घ्यायचं विसरा. परदेशी नागरिकाला इथे शेतजमीन विकत घेता येत नाही. परदेशी कशाला, आपल्या राज्यात जो शेतकरी नाही त्यालाही घेता येत नाही. हे तुमच्या शेजारी बसलेत ना, यांच्या नावावर कुठेही सातबारा नाही. म्हणजे शेताच्या बाबतीत हेही परदेशीच."

मॅडमना हे फार आवडलं. त्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं.

"भाड्याने?"

"शेतकरी नसलेल्या माणसाला भाडेपट्टाही जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून चालत नाही."

इथे मी घसा साफ केला आणि सुचवलं, की जमीन माझ्या एखाद्या नातेवाइकाच्या नावावर घेतली आणि पैसे मॅडमनी दिले तर? वकीलबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "त्याला बेनामी म्हणतात. त्यात जमीनही जाते आणि सल्ला देणाराही जातो. आणि मॅडम, तुमचा व्हिसा नोकरीचा आहे. पिकवलेलं विकायचं नाही. खा, वाटा."

"मग मी काय करू शकते?" मॅडमनी विचारलं.

वकीलबाईंनी सांगितलं ते अगदी साधं होतं. एखाद्या शेतकऱ्याचा तुकडा बघा. जमीन त्याची, कसणाराही तोच. तुम्ही पाहुण्या म्हणून जा, हाताने काम करा, रोपं लावा. फक्त एक पान लिहून ठेवा: जमिनीवर तुमचा काही हक्क नाही, झाडं तुम्ही लावली आहेत, आणि जमीन द्यायची वेळ आली तर मालक एक हंगाम आधी तुम्हाला सांगेल. "कोर्टात हे पान किती ताणता येईल ते सोडा," त्या म्हणाल्या. "पण दोघांना एकमेकांचं म्हणणं तरी नीट कळतं. मालकाला इथे घेऊन या. अर्ध्या तासाचं काम."

जिना उतरताना मॅडमनी त्यांच्या आजोबांची गोष्ट सांगितली. त्यांच्या देशात एका जमान्यात गावाच्या सगळ्या जमिनी एकत्र केल्या. आजोबांची फळबाग त्यात गेली. गावच्या प्रमुखाने हात हातात घेऊन सांगितलं होतं, झाडं तुमचीच, फळं तुम्हीच उतरवा. दोन वर्षांनी प्रमुख बदलला, आणि तो हात कुणी हातात घेतला होता हे सांगणारं कुणी उरलं नाही. झाडं तोडली. "म्हणून मला एक पान हवं," त्या म्हणाल्या. "लहान असलं तरी चालेल."

हे मी ऐकलं होतं. नीट, इंग्रजीत, दोन वेळा.

माझ्या आईचे एक चुलतभाऊ चाकणच्या पुढे राहतात, कंपन्यांची शेवटची भिंत संपते तिथे. मामांची बरीचशी शेतं औद्योगिक पट्ट्यात गेली. दोन्ही मुलगे शिफ्टला जातात. उरलं होतं ते वरच्या अंगाला एक रान आणि खाली विहिरीजवळ वीस गुंठ्यांचा पडीक तुकडा. मी मॅडमना घेऊन गेलो. मामांनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं, त्यांनी हातात उचललेलं ढेकूळ बघितलं, आणि मला म्हणाले, "लावू दे की बायला काय लावायचं ते. पडीकच हाय. पर एक सांगतो भाच्या, लिवून-बिवून काय मागायचं न्हाई."

"का मामा?"

"आरं, माझ्या आज्यानं मुंबईला गिरनीत जाताना चार एकर एकाला कसायला दिलं हुतं. त्याचं नाव कागदावर चढलं. मग कूळकायदा आला. ज्याच्या हातात नांगर त्याच्या नावावर रान. आज्या परत आला तवा बांधावर उभं ऱ्हायची बी सोय न्हवती." त्या कायद्याने ज्यांना जमीन मिळाली त्यांच्या घरी ही गोष्ट वेगळी सांगत असतील, पण मामांच्या घरी ती अशीच सांगतात, आणि दर पिढीला तिच्यातलं रान थोडं वाढतं.

एवढ्यात मॅडमनी मला विचारलं, "त्यांना पानाबद्दल सांगितलंत का?"

दोघंही माझ्याकडे बघत होते. मला आता स्पष्ट दिसतं की त्या क्षणी चार वाक्यं पुरली असती. मामा, या बाईंना हवा आहे तो कागद तुमच्या भीतीच्या बाजूचाच आहे. त्यात लिहायचंय की त्यांचा काही हक्क नाही. त्या कूळ होऊच शकत नाहीत. वकीलबाई तुम्हाला समजावून सांगतील. पण दुपारची छान वेळ होती, मामी चहा घेऊन येत होती, दोन माणसांचं जमत आलं होतं. आणि जमत आलेलं मला बिघडवता येत नाही.

मी मामांना म्हणालो, "मामा, बाई म्हणतात, कागद कशाला? तुमचा शब्द पुरे."

मामांनी मांडीवर थाप मारली. "आरं तिच्या! ही तर आपल्यातलीच निघाली!"

"काय म्हणतायत?" मॅडमनी विचारलं.

"म्हणतात, आनंदाने. दसऱ्यानंतर मुहूर्त बघून करू."

शपथेवर सांगतो, त्या वेळी मला खरंच वाटत होतं की महिन्याभरात मामांना पटवीन आणि वकीलबाईंकडे नेईन. पण दसरा गेला. मग दिवाळी. मग मामांचा अंगठा दारात चेंगरला. मग वकीलबाई गावाला गेल्या, मग लग्नसराई, मग पितृपंधरवडा, ज्यात म्हणे आमच्यात कुणी सही करत नाही. एकदा तर मी "सर्व्हर डाऊन आहे" असंही सांगितलं; त्या कागदाचं सर्व्हरशी काही देणंघेणं नव्हतं. दर वेळी नवं कारण सुचलं की मला आतून गुदगुल्या व्हायच्या. घरी येऊन बायकोला करून दाखवायचो. पहिल्यांदा ती हसली. नंतर म्हणाली, "अहो, त्या बाईंना खरं वाटतंय ते."

तेच तर होतं. परदेशी माणसांशी भाड्यावरून, वीजबिलावरून वाद होतो. पण 'आमच्याकडे अशी पद्धत आहे' म्हटलं की ती मान झुकवतात. मॅडम तर वहीत लिहून घ्यायच्या: या पंधरवड्यात सही नाही. सहीची गोष्ट मालकाकडे थेट काढायची नाही, मध्यस्थाकडूनच. त्या आदराचा मी जो वापर केला, त्याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

आणि शेत तर असं फुललं होतं! दर शनिवारी सकाळी मी त्यांना तळवड्याच्या रस्त्याने घेऊन जायचो. माझी गरज नसायची, पण मी जायचो. पहिल्याच खेपेला चाकणच्या बाजारात त्यांनी शेपूची जुडी उचलली, नाकाला लावली आणि तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे शेपू बटाट्याच्या आंबट सुपात घालतात. मामी मुगाच्या डाळीत घालते. दोघींनी एकमेकींना हातवाऱ्यांनी पाककृती सांगितल्या आणि दोघींनी एकमेकींचा पदार्थ खाऊन सारखंच तोंड केलं. शेपू, नवलकोल, बीट. आणि विहिरीच्या कडेने अंजिराची बावीस कलमं, सासवडकडच्या एका रोपवाटिकेतून आणलेली. त्या प्रत्येक आळं स्वतः खणायच्या. मामा काठीने दाखवायचे, "हितं. न्हाई, जरा हिकडं." मी विहिरीच्या काठावर बसून दोन्ही भाषांत समालोचन करायचो.

हळूहळू समालोचनाची गरज संपत गेली. मॅडम मराठी शिकल्या, आणि शिकल्या त्या मामा-मामींकडून. कंपनीत मीटिंगमध्ये कुणी काही विचारलं की "व्हय" म्हणायच्या, नापसंत असलं की "न्हाई". त्यांच्या हाताखालचे पुण्याचे इंजिनियर गालात हसायचे. मलाही हसू यायचं, पण पुरतं यायचं नाही. का, हे मी स्वतःला विचारलं नाही.

तिसऱ्या वर्षी होळीच्या सुमारास अंजिरांना पहिल्यांदा नीट फळं धरली. हिरवी, सुपारीएवढी. एका शनिवारी आम्ही पोचलो तर बांधाच्या कडेने चुन्याची पांढरी रेघ ओढलेली होती आणि कोपऱ्यांवर हद्दीचे नवे दगड.

मामा घराकडून चालत आले. ते माझ्याकडे वळले नाहीत. सरळ मॅडमना म्हणाले, "पोरी, रान दिलं बघ. गोदामवाल्याला. मंगळवारी कागद झाला. सोमवारी मशीन येनार."

मॅडमनी रेघेकडे बघितलं. "मामा, अंजीर?"

"आता काय करनार, बाय."

"पण तुमी म्हणालात, एक हंगाम आधी सांगू. दसऱ्यानंतर लिहू."

"म्या? म्या कवा म्हनलो?" मामा खरोखर चक्रावले. "तूच म्हनलीस न्हवं पयल्या दिशी, कागद नगं, शब्द पुरे?"

"मी?" मॅडम म्हणाल्या. "न्हाई. मी तर पहिल्या दिवसापासून कागद मागते. दर महिन्याला मागते."

मग दोघांनीही माझ्याकडे बघितलं. दोघांच्या मधे उभं राहणं ही माझी आयुष्यभराची जागा, आणि त्या जागी मी उभा होतो.

"भाच्या, ही काय म्हनती?" मामांनी विचारलं.

"खरं म्हणतात, मामा."

मामा बांधावर बसले. मामी हातातली कळशी खाली ठेवून तिथेच थांबली. मग मामा मॅडमना म्हणाले, "मला वाटलं हौस हाय तुझी. कागद नगं म्हनती, म्हंजे आज हाय, उद्या उडून जानार. म्हनून म्या इचारलं न्हाई. न्हाईतर वरचं रान दिलं असतं की. त्यास्नी वरचं बी चालत हुतं, हे बी चालत हुतं."

"पण मामा," मी म्हणालो, कारण मला स्वतःला कुठेतरी सोडवायचं होतं, "तुम्हीच तर लिहून देणार नव्हता."

"न्हवतो देनार. पर मागितलंच न्हाई तर मी न्हाई तरी कुनाला म्हननार? मागितलं असतं तर भांडलो असतो. वकिलाकडं गेलो असतो. कायतरी झालं असतं की रं."

मी तिथूनच गोदामवाल्याच्या माणसाला फोन लावला. जे काही नाटक अंगात होतं ते सगळं ओतलं. फळं झाडावर आहेत, बाई परक्या मुलखातून आलेल्या, फक्त दोन महिने द्या. तो माणूस अजिबात उर्मट नव्हता. म्हणाला, "काका, काही लिहिलेलं असेल तर पाठवा ना. मी साहेबांना दाखवतो. निदान बोलता तरी येईल." फोन स्पीकरवर होता. मॅडमना आता तेवढं मराठी समजत होतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मामा, मामी आणि मॅडमनी मिळून अंजिराच्या फांद्या छाटल्या, वीतभराच्या कांड्या केल्या आणि ओल्या पोत्यात गुंडाळल्या. कच्च्या अंजिराचा चीक हाताला लागला की आग होते. तिघंही कोपरापर्यंत हात खाजवत होते आणि काम करत होते. मला कुणी कात्री दिली नाही. मी मागितलीही नाही.

परतताना गाडीत मॅडमनी इंग्रजीत विचारलं, "का केलंत असं?"

"मला तुम्ही दोघंही खूश व्हायला हवे होतात," मी म्हणालो.

तळवड्याच्या चौकात गाड्या अडकल्या होत्या. "आम्ही दोघं झालोही असतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही आम्हाला आधी थोडं भांडू द्यायला हवं होतं."

त्यानंतर शनिवारी त्या स्वतः रिक्षा करून जायला लागल्या. मला कळायचं ते मामीच्या फोनवरून. पावसाळ्याआधी मामांनी घरामागे गोठ्याच्या शेजारी दोन गुंठे जागा मोकळी केली. कांड्यांपैकी आठ जगल्या. आणि एका सकाळी मामा धोतर नेसून, टोपी घालून मॅडमबरोबर चिंचवडला वकीलबाईंकडे गेले. अर्ध्या तासाचं काम दीड तास चाललं, कारण 'कूळ म्हणून कोणताही हक्क नाही' ही ओळ मामांनी तीन वेळा वाचून घेतली. मग सही केली. साक्षीदार म्हणून मामी होती आणि वकीलबाईंचा कारकून.

मी वकीलबाईंना फोन करून म्हणालो, तो कागद जरा नजरेखालून घालू का, माझा रोजचा विषय आहे. त्या म्हणाल्या, "तुम्ही पक्षकार नाही." आणि फोन ठेवला.

मॅडमचा कंपनीशी करार येत्या दिवाळीला संपतो. नव्या कलमांना फळ धरायला अजून दोन-तीन वर्षं तरी जातील. व्हिसा वाढवता येईल का, हे त्यांनी मला एकदाच विचारलं, व्हॉट्सअॅपवर. मी लिहिलं, करार कंपनीने वाढवला तरच, आणि ते माझ्या हातात नाही. आणखी एक वाक्य लिहिलं होतं, धीर देणारं. ते खोडलं आणि मग पाठवलं. कंपनीने करार वाढवलेला नाही. म्हणजे जी फळं तेव्हा झाडावर होती, तीच त्यांची पहिली आणि शेवटची होती, आणि ती मशीनखाली गेली.

मागच्या आठवड्यात मामीचा फोन होता. नातीच्या बारशाचं बोलावणं करायला. बोलता बोलता म्हणाली, "आरं, त्या कागदात बायनं एक ओळ घालून घेतलीया. थांब, वाचते." आणि तिने अडखळत, बोटाने अक्षरं लावत वाचलं: झाडांना फळ आल्यावर मालकाने ते स्वतः फोन करून कळवावे, कोणत्याही मध्यस्थामार्फत कळवू नये.

"मध्यस्थ म्हंजी कोन रं?" मामीने विचारलं.

मी सांगितलं.